नक्षी आणि आसन : इराणी गालिचा, दख्खनी घोंगडी आणि पावित्र्याचा प्रश्न

उपासनेला बसलेल्या किंवा उभ्या राहिलेल्या माणसाच्या आणि जमिनीच्या मध्ये पुष्कळदा लोकरीचे एक वस्त्र असते. इराणच्या खेड्यात ते गाठी मारून विणलेला रंगीत गालिचा असते, तर कोल्हापूर जिल्ह्यात काळी घोंगडी. दोन्ही मेंढीच्या लोकरीपासून होतात, दोन्ही खेड्यापाड्यांत विणली जातात आणि दोन्हींवर विणणाऱ्याचे नाव सहसा नसते. गालिच्याचा मात्र कानाकोपरा नक्षीने भरलेला असतो आणि घोंगडी जवळजवळ कोरी असते. तरीही दोन्हींना उपासनेत मानाची जागा मिळाली. त्यामुळे धर्मविचारातला एक जुना प्रश्न इथे नेमका समोर येतो : वस्तूचे पावित्र्य कशात असते? तिच्यावर काढलेल्या आकृतीत, ती ज्या द्रव्याची आहे त्या द्रव्यात, की तिच्या आधाराने माणूस जे करतो त्या कृतीत? या तिन्ही उत्तरांना इस्लामी आणि भारतीय अशा दोन्ही परंपरांत समर्थक मिळतात आणि विरोधकही.

या तुलनेला कोल्हापूरच्या भूमीत ऐतिहासिक आधार आहे. पन्हाळा तालुक्यातील कोडोली हे वारणेच्या खोऱ्यातले मोठे गाव. १६५९ मध्ये शिवाजी महाराजांनी पन्हाळगड घेतला, त्याआधी हा मुलूख विजापूरच्या आदिलशाहीत होता. त्या दरबाराचे इराणशी निकटचे संबंध होते. फारसी ही तिथल्या राजभाषांपैकी एक होती आणि इराणी विद्वान, सरदार व कारागीर तिथे येत असत. विजापूरच्या आसार महालात पैगंबरांचा अवशेष म्हणून मानला जाणारा केस जपला गेला. त्याच वास्तूत सतराव्या शतकातले गालिचेही होते आणि त्यांपैकी काही आज गोल घुमटाजवळच्या संग्रहालयात आहेत. गडावर आणि दरबारात गालिच्याची संस्कृती होती, त्याच काळात खालच्या खोऱ्यात धनगरांचे कळप चरत होते आणि घोंगड्या विणल्या जात होत्या. याच जिल्ह्यात, हातकणंगले तालुक्यात, दुसरी कोडोली आहे. तिला पट्टणकोडोली म्हणतात. तिथले विठ्ठल-बिरदेवाचे देवस्थान धनगर समाजाच्या प्रमुख क्षेत्रांपैकी एक आहे. दोन गावे वेगळी असली, तरी लोकरीच्या धार्मिक स्थानाचा विचार करताना पट्टणकोडोलीला टाळून पुढे जाता येत नाही.

खेड्यातला इराणी गालिचा

गाठींच्या गालिच्याची परंपरा फार जुनी आहे. अल्ताय पर्वतातल्या पाझिरिक येथील गोठलेल्या थडग्यात १९४९ मध्ये सर्गेई रुदेन्को यांना जो गालिचा सापडला, तो इसवी सनापूर्वी पाचव्या-चौथ्या शतकातला मानला जातो. इराणात सोळाव्या शतकात, सफवी राजवटीत, ही कला दरबारी वैभवाला पोहोचली. शेख सफी यांच्या अर्दबील येथील दर्ग्याशी जोडला गेलेला प्रसिद्ध गालिचा हिजरी ९४६ मधला, म्हणजे १५३९-४० चा आहे. त्यावर मकसूद काशानी हे नाव विणलेले आहे. असे नाव मिळणे हा अपवाद होय.

शहरी आणि ग्रामीण गालिच्यांत मुख्य फरक नक्षी कुठून येते याचा आहे. शहरातल्या कारखान्यात आधी चित्रकार चौकटीच्या कागदावर नक्षीचा आराखडा काढतो आणि विणकर तो घर मोजून उतरवतो. खेड्यात असा कागद बहुधा नसतो. विणकाम मुख्यतः बायका करतात आणि नक्षी त्यांच्या स्मरणात असते, किंवा शेजारच्या घरातला जुना गालिचा नाहीतर नक्षीचे थोडे थोडे तुकडे विणलेला नमुना समोर असतो. आई विणताना मुलगी शेजारी बसते आणि तिच्या हाताला गाठींचा क्रम वळण म्हणून लागतो. यामुळे एका खेड्याची नक्षी पिढ्यान्‌पिढ्या ओळखू येते, पण दोन गालिचे तंतोतंत सारखे निघत नाहीत.

या नक्षीचे रूप बरेचसे तंत्राने ठरते. ताण्याच्या दोन उभ्या धाग्यांभोवती लोकरीची गाठ मारायची, तिची टोके कापायची, ओळ पूर्ण झाली की आडवा धागा घालून ठोकायची, असे हे काम चालते. गाठी बारीक आणि दाट असतील तर वेलीचा गोलावा साधतो. खेड्यातली लोकर जाड आणि गाठी विरळ असल्याने तोच गोलावा पायरीपायरीने उतरतो आणि रेघा कोनदार होतात. वायव्य इराणातल्या हेरीझ भागातल्या गालिच्यांचे मोठे कोनदार पदक याच कारणाने तसे दिसते. हमदानच्या आसपासच्या शेकडो खेड्यांत, तसेच मलायर, बिजार, बख्तियारी आणि अफशार प्रदेशांत याच नियमाची वेगवेगळी रूपे आढळतात. चौकटीतले फूल आणि भोवती वळलेली पाने असलेली हेराती नक्षी, मराठी पैठणीवर आणि शालीवर दिसते तशी कोयरी, झाड, पक्षी, बागेचे चौकोन ही या नक्षीची नेहमीची अंगे आहेत.

रंग मंजिष्ठाच्या जातीच्या मुळ्या, नीळ, डाळिंबाची साल, अक्रोडाची टरफले यांपासून काढत. १८५६ मध्ये विल्यम पर्किनने पहिला कृत्रिम रंग शोधल्यानंतर काही दशकांतच असे रंग इराणात पोहोचले. कच्च्या रंगांनी गालिचे बिघडू लागले, तेव्हा काजार राजवटीने त्यांवर बंदीही घातली. व्यापारात साधारणपणे शंभर वर्षांहून जुना गालिचा पुरातन मानला जातो. म्हणजे आज ज्यांना पुरातन ग्रामीण गालिचे म्हणतात, ते बहुतांशी एकोणिसाव्या शतकातले आणि विसाव्या शतकाच्या आरंभीचे, नैसर्गिक रंग आणि नवा बाजार यांच्या संधिकाळातले आहेत. २०१० मध्ये फार्स आणि काशान इथल्या गालिचा विणण्याच्या परंपरांना युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. तो मान वस्तूंपेक्षा विणण्याच्या विद्येला मिळालेला होता.

दख्खनी घोंगडी

घोंगडी दख्खनी मेंढीच्या लोकरीची असते. ही लोकर आखूड, राठ आणि बहुधा काळी किंवा करडी असते. मऊ कापडाला ती निरुपयोगी, पण ऊन, वारा आणि पाऊस अंगावर घेणाऱ्या माणसाला तिच्यासारखे दुसरे पांघरूण नाही. मेंढ्या कातरून आलेली लोकर पिंजतात आणि तिचे सूत काततात. कातणे हे प्रामुख्याने धनगर बायकांचे काम. विणण्याचे काम सांगर आणि धनगरांतल्या काही शाखांचे लोक करतात. सुताला चिंचोक्याची खळ लावून ते ताठ करतात आणि हातमागावर घोंगडी उतरवतात. लोकर न विणता ती भिजवून, दाबून, लाटून घट्ट केलेले जेनही या भागात अंथरण्यासाठी वापरतात.

घोंगडीवर नक्षी म्हणण्याजोगे फार थोडे असते. काळ्या अंगाला काठाशी पांढऱ्या किंवा करड्या पट्ट्या, तेवढेच. रंग मेंढीचाच असतो. तरीही धार्मिक जीवनात तिचा मान मोठा आहे. धनगरी ओव्यांच्या आणि देवकार्याच्या प्रसंगी घडी केलेली घोंगडी अंथरून तिच्यावर देवाची स्थापना करतात. पूजेच्या आणि जपाच्या आसनाला लोकरीचे वस्त्र योग्य मानले जाते. सोवळ्यात नेसायची धाबळीही लोकरीचीच असते. सुती कपडा विटाळतो पण लोकर आणि रेशीम यांना तो नियम तसा लागू नाही, अशी परंपरेची धारणा आहे. संतांच्या अभंगांत आणि गवळणींत कृष्ण खांद्यावर घोंगडी टाकलेला गुराखी म्हणून वारंवार भेटतो.

दसरा आणि दिवाळी यांच्या मध्ये पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते. महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्रातून धनगर येतात. सोलापूर जिल्ह्यातल्या अंजनगावाहून देवाचे मानकरी फरांडेबाबा पायी येतात, हेडाम हा विधिनृत्याचा प्रकार खेळतात आणि भाकणूक, म्हणजे भविष्यवाणी, सांगतात. भंडाऱ्याबरोबर खारीक, खोबरे आणि लोकर देवावर उधळली जाते. इथे लोकर वस्त्र होण्याआधीच, कच्च्या रूपात, देवाला अर्पण होते. गुंथर सोंथायमर यांनी पशुपालकांच्या देवतांवरील १९७६ सालच्या जर्मन ग्रंथात बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांचा अभ्यास मांडला. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या १९८४ च्या ग्रंथात विठ्ठलाचे मूळ धनगर-गवळ्यांच्या देवपरंपरेत शोधताना विठ्ठल-बिरदेव या जोडदेवतेला महत्त्वाचा पुरावा मानले. त्या मांडणीनुसार पाहिले तर अभंगांतली घोंगडी हा कवींनी देवाला चढवलेला साज राहत नाही. देवाच्या जुन्या कुळाची ती खूण ठरते.

पावित्र्य नक्षीत आहे काय?

पहिले उत्तर असे की पावित्र्य आकृतीच्या अर्थात असते. नमाजाच्या गालिच्यावर मेहराबीची कमान विणलेली असते. तिचे टोक किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला, करून गालिचा अंथरला की मशिदीच्या भिंतीतली दिशा जमिनीवर येते. बागेच्या गालिच्यात पाटाचे पाणी, झाडे आणि वाफे वरून पाहिल्यासारखे विणलेले असतात. कुराणात स्वर्गाचे वर्णन पाणी, दूध, मद्य आणि मध यांच्या नद्या वाहणारी बाग असे येते, आणि चार भागांत विभागलेल्या इराणी बागेशी ते वर्णन सहज जुळते. जयपूरच्या अल्बर्ट हॉल संग्रहालयातला बागेचा भव्य गालिचा इराणात विणलेला असून १६३२ मध्ये तो भारतात असल्याची नोंद आहे. बख्तियारी खेड्यांत हीच बाग लहान चौकोनांत मोडून येते आणि प्रत्येक चौकोनात एक झाड किंवा फूल असते. या दृष्टीने गालिच्यावर बसणारा स्वर्गाच्या प्रतिमेत बसलेला असतो.

हे उत्तर आकर्षक आहे, पण त्याच्यापुढे एक अडचण उभी राहते. खेड्यातल्या विणकर बाईला त्या आकृतीचा हा अर्थ ठाऊक असतोच असे नाही. हेराती नक्षीला तिथे ‘माही’, म्हणजे मासा, म्हणतात, कारण वळलेली पाने माशासारखी दिसतात. एकाच आकृतीला एका खेड्यात कासव म्हणतील तर दुसऱ्यात फूल. विणणाऱ्याला अर्थ माहीत नसेल तर तो अर्थ वस्तूत आहे असे कोणत्या आधारावर म्हणायचे?

भारतीय विचारात हाच वाद मंत्रांच्या बाबतीत झाला आहे. कौत्स या प्राचीन आचार्याचे मत होते की मंत्र निरर्थक आहेत. त्यांचे सामर्थ्य शब्द बदलता न येण्यात आणि क्रम न मोडण्यात आहे. यास्काने निरुक्तात हा पक्ष मांडून खोडला. ऐकणाऱ्याला अर्थ कळत नाही म्हणून मंत्रात अर्थ नाही असे ठरत नाही, असे त्याचे म्हणणे. पुढे मीमांसकांनीही मंत्रांना अर्थ आहे हाच पक्ष घेतला. मात्र कौत्साच्या पक्षातला एक भाग त्यामुळे बाद होत नाही. अर्थ न कळताही वेदपाठकांनी स्वर आणि क्रम जपले, म्हणूनच अर्थ शोधायला पुढच्यांना मंत्र उपलब्ध राहिले. खेड्यातली विणकर बाई नक्षीच्या बाबतीत याच स्थानी आहे. ती अर्थाची व्याख्याती नाही, क्रमाची धारक आहे. अर्थ तिच्या मनात असो वा नसो, तो तिच्या हातांमुळे टिकतो.

इमान्युएल कांटने १७९० च्या ग्रंथात सौंदर्याचे दोन प्रकार सांगितले. एकात वस्तू काय आहे याची कल्पना आधी असते, दुसऱ्यात अशी कल्पना नसतानाही आकार आनंद देतो. निव्वळ शोभेची पानाफुलांची वेलबुट्टी त्याने दुसऱ्या प्रकारात घातली. याचा उपयोग एवढाच की नक्षी सुंदर असण्यासाठी तिला काही सांगावेच लागते असे नाही. पण नक्षी सुंदर आहे म्हणून ती पवित्र आहे, हेही यातून सिद्ध होत नाही. सौंदर्य आणि पावित्र्य यांतले अंतर शिल्लकच राहते.

नक्षी उपासनेच्या आड येते काय?

या अंतराकडे इस्लामी परंपरेनेच काळजीपूर्वक पाहिले आहे. हदीसमध्ये अशी कथा येते की वेलबुट्टीची एक चादर अंगावर असताना नमाजात पैगंबरांचे लक्ष तिच्या नक्षीकडे गेले. त्यांनी ती चादर देणाऱ्याकडे परत पाठवली आणि तिच्या बदली साधी मागवली. संपूर्ण पृथ्वी हीच उपासनेची जागा आहे, असेही एका हदीसमध्ये सांगितले आहे. खजुरीच्या पानांच्या लहान चटईवर पैगंबर नमाज पढत, असा उल्लेख मिळतो. नमाजासाठी जागा शुद्ध असणे आवश्यक आहे, गालिचा असणे आवश्यक नाही.

इराणातली रीत याहून पुढची आहे. शिया धर्मशास्त्राप्रमाणे सजद्यात कपाळ जमिनीला किंवा जमिनीतून उगवलेल्या, पण खाण्याच्या वा नेसण्याच्या उपयोगाच्या नसलेल्या वस्तूला टेकले पाहिजे. लोकर त्यात बसत नाही. म्हणून जगातले सर्वांत सुंदर गालिचे विणणाऱ्या देशात उपासक गालिच्यावर मातीची एक लहान वडी ठेवतो आणि कपाळ त्या वडीवर टेकवतो. करबलाच्या मातीची वडी विशेष आदराची मानतात. गुडघे, हात आणि पाय गालिच्यावर असतात, कपाळ मात्र मातीवर. स्वर्गाची बाग अंथरलेली असतानाही समर्पणाचा शेवटचा स्पर्श साध्या मातीलाच होतो. नक्षीला मान आहे, परंतु सर्वोच्च स्थान नाही, हे याहून स्पष्टपणे सांगणारा आचार सापडणे कठीण.

भारतीय शास्त्रांतही आसनाचा विचार दोन अंगांनी झाला आहे. भगवद्‌गीतेच्या सहाव्या अध्यायात ध्यानासाठी शुद्ध जागी, फार उंच नाही आणि फार खाली नाही, असे स्थिर आसन सांगितले आहे. त्यात कुश, मृगाजिन आणि वस्त्र यांचा क्रम येतो. वर्णन केलेले गुण शुद्धता, स्थिरता आणि योग्य उंची हे आहेत. रंग किंवा आकृती यांचा तिथे विचार नाही. ब्रह्मसूत्रांच्या चौथ्या अध्यायाच्या पहिल्या पादात उपासना बसून करावी असे म्हटले आहे, कारण उभ्या वा झोपलेल्या माणसाला एकाग्रता साधणे अवघड जाते. लगेच पुढे असेही सांगितले आहे की जिथे मन एकाग्र होईल ती जागा योग्य, दिशा आणि देश यांचा वेगळा नियम नाही. आसन हे एकाग्रतेचे साधन आहे, त्यामुळे त्याची किंमत त्या साधनेवरून ठरते.

तरी नक्षीला निव्वळ अडथळा म्हणणे एकांगी होईल. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात, आसन घालण्यापूर्वी, ध्यानाच्या जागेचे सविस्तर वर्णन येते. तिथे निर्मळ पाणी आहे, दाट झाडे आहेत, मंद वारा आहे, पक्षी आहेत, कधीमधी मोरही येतात. ती जागा इतकी रम्य आहे की भोगात रमलेल्या माणसालाही तिथे तप करावेसे वाटेल. ज्ञानेश्वरांच्या लेखी सौंदर्य मनाला विषयाकडे ओढणारेच नसून त्याला शांत करणारेही असू शकते. ही बाग आणि इराणी गालिच्यावरची बाग यांचा हेतू जवळचा आहे. कोरड्या पठारावरच्या खेड्यात, जिथे हिवाळ्यात झाडाला पान नसते, तिथे विणलेली बाग मनाला विसाव्याची जागा देते. वारणेच्या खोऱ्यात बाहेर हिरवळ असतेच. तिथे आसनावर ती पुन्हा काढण्याची गरज कोणाला भासली नसावी.

या दोन बाजू एकमेकींना खोडत नाहीत. उपासनेची सुरुवात होण्यापूर्वी सौंदर्य मनाला बाहेरच्या धावपळीतून बाजूला आणते. उपासना सुरू झाल्यावर तेच सौंदर्य मागे सरकले पाहिजे. सरकले नाही तर ते अडथळा बनते. मराठी भक्तिपरंपरेने सगुण आणि निर्गुण यांचे नाते जसे समजावले, तसेच हे आहे. रूप हा प्रवेश आहे. रूपापाशीच थांबून राहिलेला भक्त पुढे जात नाही, आणि रूपाला तुच्छ लेखणाऱ्याला प्रवेशच मिळत नाही.

चुकीचा प्रश्न

इराणी गालिच्यांबद्दल एक गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. परिपूर्णता फक्त ईश्वराची, म्हणून विणकर मुद्दाम एक चूक ठेवतो, असे तिचे सार आहे. ती ऐकायला धार्मिक वाटते, पण तिच्यात एक विसंगती आहे. एक चूक मुद्दाम ठेवावी लागते असे मानणारा उरलेले काम निर्दोष आहे असे गृहीत धरतो. त्याची नम्रता अशा रीतीने अहंकारावर उभी राहते. ईश्वराच्या परिपूर्णतेला माणसाने चूक करून दाखवण्याची गरज नाही, माणसाच्या हातून ती आपोआप होते.

ग्रामीण गालिच्यात दिसणाऱ्या अनियमिततेची खरी कारणे साधी असतात. सूत थोडे थोडे रंगवले जाते. एका वेळचा निळा दुसऱ्या वेळच्या निळ्याशी जुळत नाही आणि गालिच्याच्या अंगावर रंगाचे पट्टे उमटतात. त्याला ‘अब्रश’ म्हणतात. मागावर विणकाम खालून वर चढत असल्याने शेवटच्या टोकाला जागा कमी पडते आणि काठाची नक्षी कोपऱ्यात अर्धी राहते. आठवणीने विणताना एखादे फूल दुसऱ्या बाजूला पडते. विणताना घरात मूल जन्मते, कोणी आजारी पडते, महिना दोन महिने माग थांबतो, हात बदलतात. या सर्वांच्या खुणा गालिच्यात राहतात.

धार्मिक अर्थ शोधायचाच तर तो या खुणांत अधिक प्रामाणिकपणे सापडतो. या चुका ठरवून केलेल्या नाहीत आणि लपवलेल्याही नाहीत. जे हाताशी होते ते सर्व शक्तीने वापरून काम पुरे केले, आणि त्याची मर्यादा तशीच राहू दिली. घोंगडीतही सुताची जाडी जागोजाग बदलते आणि काळ्याच्या छटा मेंढीनुसार वेगळ्या दिसतात. गीतेने कर्माच्या दोषांविषयी सांगितलेला विचार इथे लागू पडतो : धुराने अग्नी वेढलेला असतो तसे प्रत्येक कर्म कोणत्या तरी दोषाने वेढलेले असते, म्हणून वाट्याला आलेले कर्म सोडू नये. दोष मुद्दाम निर्माण करणे आणि दोषासह कर्म करीत राहणे या दोन भिन्न वृत्ती आहेत. दुसरी वृत्ती उपासनेला जवळची आहे.

द्रव्य आणि कृती

पावित्र्य आकृतीत पूर्णपणे सामावत नाही हे मान्य केले तर ते द्रव्यात असते असे म्हणता येईल काय? लोकरीला सोवळ्यात मिळालेले स्थान या उत्तराला बळ देते. पण द्रव्याची शुद्धता परंपरेनुसार बदलते. ज्या लोकरीला मराठी घरात देवापुढच्या आसनाचा मान आहे, तीच लोकर शिया उपासकाला कपाळ टेकण्यासाठी चालत नाही. लोकर एकच आहे आणि तिच्याविषयीचे नियम दोन आहेत. म्हणजे द्रव्याचे पावित्र्यही त्याच्या स्वभावातून आपोआप निघत नाही. आचाराच्या एका व्यवस्थेत त्याला जागा मिळते आणि तिथून त्याचे पावित्र्य येते.

तिसरे उत्तर कृतीकडे जाते. यज्ञाची व्याख्या करताना याज्ञिकांनी द्रव्य, देवता आणि त्याग ही तीन अंगे सांगितली. द्रव्य हवेच, पण ते देवतेसाठी सोडले जाते तेव्हाच यज्ञ होतो. पट्टणकोडोलीला उधळली जाणारी लोकर या व्याख्येत नेमकी बसते. धनगराची वर्षाची कमाई आणि त्याचे अंगावरचे पांघरूण ज्या द्रव्यात आहे, तेच तो देवावर टाकतो. गालिचा अंथरणे आणि घोंगडी अंथरणे यांतही लहानसा त्याग असतो. घराच्या किंवा रानाच्या जमिनीपैकी एक तुकडा तेवढ्या वेळापुरता व्यवहारातून काढून घेतला जातो. त्यावर चप्पल घालून जाता येत नाही, त्यावर हिशेब होत नाहीत. काठाच्या आत एक नियम आणि बाहेर दुसरा, अशी मर्यादा तयार होते. गालिच्याची किनार नक्षीने ही मर्यादा दाखवते. घोंगडीचा पांढरा पट्टा तेच काम एका रेघेत करतो.

यावर एक रास्त आक्षेप येतो. पावित्र्य कृतीत असेल तर प्लास्टिकची चटईही तेवढीच योग्य, मग जुन्या विणकामाचा आग्रह कशासाठी? मीमांसेतल्या प्रतिनिधीच्या विचारात याचे उत्तर आहे. विहित द्रव्य मिळत नसेल तर त्याच्यासारखे दुसरे घेऊन कर्म पुरे करावे. भात नसेल तर नीवार, म्हणजे रानभात, चालतो. पण मूळ द्रव्य उपलब्ध असताना प्रतिनिधी समान ठरत नाही. गरिबाच्या घरात जी चटई असेल तिच्यावर केलेल्या उपासनेत काही उणे नाही. मात्र विणलेल्या वस्त्रात मेंढीचे आयुष्य, कातणाऱ्या बाईचे दिवस आणि विणकराचे श्रम साठलेले असतात. ते आसन म्हणून अंथरणारा स्वतःच्या उपासनेत या सर्वांना सामील करून घेतो. यंत्राच्या वस्तूमागेही श्रम असतात, पण ते उपासकाला दिसत नाहीत आणि त्यांच्याविषयी त्याच्या मनात कृतज्ञता जागी होणे अवघड असते.

संग्रहालयातला गालिचा

अर्दबीलचा गालिचा १८९३ मध्ये लंडनच्या संग्रहालयाने विकत घेतला. आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात तो काचेच्या आड जमिनीवर पसरलेला आहे आणि रंग उडू नयेत म्हणून ठरावीक वेळीच, थोडी मिनिटे, त्याच्यावर उजेड सोडतात. त्याची दुरुस्ती करताना त्याच्या जोडीच्या गालिच्याचे भाग वापरले गेले आणि त्या दुसऱ्याचा उरलेला भाग लॉस एंजेलिसला आहे. विजापूरच्या गालिच्यांवरही आता कोणी बसत नाही. अशा गालिच्यात पावित्र्य उरते काय?

मराठी घरातल्या गणेशोत्सवाला या प्रश्नाचे उत्तर ठाऊक आहे. मूर्तीत देवतेचे आवाहन होते, पूजा होते आणि विसर्जनानंतर माती माती राहते. तिचा अनादर कोणी करीत नाही, पण तिची पूजाही पुढे चालत नाही. पावित्र्य बोलावले जाते आणि निरोप घेते, या जाणिवेवर हा आचार उभा आहे. संग्रहालयातल्या गालिच्याबाबत हेच म्हणता येईल. त्याच्यावरची उपासना संपलेली आहे, आदर आणि अभ्यास यांचा हक्क शिल्लक आहे. त्याला मृत म्हणणे चूक, आणि काचेतून पाहणे म्हणजेच उपासना मानणे हीसुद्धा चूक.

यातून जतनाचा क्रम ठरतो. नक्षीचे नमुने छायाचित्रांत आणि ग्रंथांत जपता येतात, जुने गालिचे संग्रहालयांत जपता येतात. विणणाऱ्या हातांचे वळण मात्र विणूनच जपावे लागते, आणि त्यासाठी विणणाऱ्याला पोट भरेल असा दाम मिळावा लागतो. दख्खनी लोकरीला आज भाव फारसा उरलेला नाही. मांसासाठी वजनदार जातींकडे कल वाढला आहे आणि कारखान्यातली चादर स्वस्त पडते. घोंगडीचा धार्मिक मान टिकवायचा असेल तर मेंढी, कातणारी बाई आणि सांगराचा माग यांचा व्यवहार टिकवणे हे धर्मकार्यच ठरते.

तिन्ही उत्तरे एकत्र घेतली तर निष्कर्ष असा निघतो. नक्षी मनाला उपासनेच्या दारापर्यंत आणते, द्रव्य श्रम आणि परंपरा यांना उपासनेत सामील करते, आणि कृती त्या दोहोंना पावित्र्य देते. इराणी खेड्यातल्या बाईने स्मरणाने विणलेली बाग आणि कोल्हापूरच्या रानात पांघरलेली काळी घोंगडी या दोन्हींना या क्रमात समान स्थान आहे. एकीने रूपाचा मार्ग घेतला, दुसरीने रूपाच्या संयमाचा. उपासक ज्या क्षणी आसनाचे भान सोडून उपास्याकडे वळतो, त्या क्षणी दोघींचे काम पूर्ण झालेले असते.